एक-तृतीयांशाचे पठार आणि नमुन्याचे तापमान: अतितीव्र चुंबकीय क्षेत्रातील एका मोजमापाचा प्रकरण अभ्यास

प्रकरणाची ओळख

हे प्रकरण घन पदार्थांच्या चुंबकत्वावर काम करणाऱ्या एका संशोधन गटाचे आहे. तांब्याच्या एका कुंठित चुंबकीय ऑक्साइडचे चुंबकन (क्षेत्र लावल्यावर त्यात येणारे चुंबकत्व) या गटाने ६० टेस्लापर्यंतच्या चुंबकीय क्षेत्रात मोजले, सिद्धांताने सांगितलेले पठार, म्हणजे क्षेत्र वाढवले तरी चुंबकन न वाढणारा सपाट भाग, त्यांना जवळपास सांगितलेल्या जागीच दिसले, आणि तरीही त्यांनी तो निकाल प्रसिद्ध करायचे थांबवले. थांबण्याचे कारण, त्यानंतर पुढे आलेले पर्याय आणि शेवटी हाती लागलेले उत्तर यांची ही मांडणी आहे. गटाचे, संयुगाचे व प्रयोगशाळांचे नाव दिलेले नाही. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि आकडे ठोकळमानाने दिले आहेत. निर्णयांचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणात शिकण्यासारखे जे आहे ते बहुतांशी त्या क्रमात आहे.

पार्श्वभूमी

त्रिकोणाच्या तीन टोकांवर तीन स्पिन (अणूंचे सूक्ष्म चुंबक) आहेत आणि प्रत्येक जोडीला एकमेकांच्या विरुद्ध दिशेने राहायचे आहे, अशी कल्पना केली तर तिन्ही जोड्यांचे समाधान एकाच वेळी होऊ शकत नाही. ज्या पदार्थांत अशी अडचण संपूर्ण स्फटिकभर पसरलेली असते त्यांना कुंठित चुंबक म्हणतात. त्यांच्यात जवळजवळ सारख्याच ऊर्जेच्या असंख्य रचना उपलब्ध असतात, म्हणून तापमान पुष्कळ खाली नेले तरी स्पिन सहजासहजी एका क्रमात बसत नाहीत. प्रस्तुत संयुगाचे क्युरी–वाइस तापमान (स्पिनांमधील परस्परक्रिया किती प्रबळ आहे ते सांगणारे) उणे ६० केल्विनच्या आसपास होते, पण २ केल्विनपर्यंत खाली जाऊनही चुंबकीय क्रमाचे कोणतेही चिन्ह दिसत नव्हते. परस्परक्रिया इतकी प्रबळ आणि क्रम इतका दूर, हेच कुंठित पदार्थाचे सर्वांत ठळक लक्षण आहे.

बाहेरून लावलेले चुंबकीय क्षेत्र या सारख्या ऊर्जेच्या रचनांमध्ये भेद करते. १/२ स्पिनच्या त्रिकोणी जालात अभिजात गणिताप्रमाणे चुंबकन क्षेत्राबरोबर सरळ रेषेत वाढत जायला हवे. पण क्वांटम चढउतार लक्षात घेतले की संपृक्त चुंबकनाच्या (सर्व स्पिन क्षेत्राच्या दिशेने वळल्यावरच्या मूल्याच्या) बरोबर एक-तृतीयांशावर ते थबकते आणि क्षेत्र वाढवत नेले तरी बराच काळ तेथेच राहते. प्रत्येक त्रिकोणातले दोन स्पिन क्षेत्राच्या दिशेने व एक विरुद्ध, अशी ही रचना असते. चुबुकोव्ह व गोलोसोव्ह यांनी १९९१ मध्ये हे सैद्धांतिकदृष्ट्या दाखवले. पुढे ओशिकावा, यामानाका व ॲफ्लेक यांनी १९९७ मध्ये स्पिनांच्या साखळ्यांसाठी पठारे कोणत्या अपूर्णांकांवरच येऊ शकतात याचा निकष दिला. प्रत्यक्षात मात्र हे पठार नाजूक असते. सीझियम कॉपर ब्रोमाइडमध्ये ते दिसते, आणि त्याच रचनेच्या सीझियम कॉपर क्लोराइडमध्ये दिसत नाही.

या प्रयोगांना इतकी तीव्र क्षेत्रे का लागतात, हे एका हिशेबाने कळते. १/२ स्पिन व जी-गुणक (स्पिन क्षेत्राला किती प्रतिसाद देतो ते सांगणारा आकडा) २ धरला तर १ टेस्ला क्षेत्र स्पिनच्या दोन अवस्थांच्या ऊर्जेत, तापमानाच्या भाषेत, सुमारे १.३४ केल्विनएवढे अंतर पाडते. म्हणजे १०० टेस्लालाही ते अंतर १३४ केल्विनच भरते. त्रिकोणी जालात सर्व स्पिन क्षेत्राच्या दिशेने वळवायला शेजारच्या स्पिनांमधील परस्परक्रियेच्या साडेचारपट ऊर्जा लागते. आपल्या संयुगात ही परस्परक्रिया सुमारे ४० केल्विन होती आणि इलेक्ट्रॉन स्पिन अनुनादावरून मिळालेला जी-गुणक २.१ होता. त्यावरून संपृक्ती १२८ टेस्लाच्या जवळ, पठाराची सुरुवात ३९ टेस्लाच्या जवळ आणि शेवट ६१ टेस्लाच्या जवळ असे अंदाज निघत होते.

आता हे अंदाज उपलब्ध चुंबकांशेजारी ठेवून पाहावेत. स्थिर क्षेत्राची मजल सुमारे ४५ टेस्लापर्यंत आहे. अमेरिकेत टॅलाहॅसी येथील संकरित चुंबक बरीच वर्षे ४५ टेस्ला देत आला आणि २०२२ मध्ये चीनमधील हफे येथील चुंबकाने त्याला किंचित मागे टाकले. त्यापुढे क्षेत्र काही मिलिसेकंदच टिकते. कपॅसिटर बँकेतून गुंडाळीत प्रवाह सोडायचा आणि गुंडाळी शाबूत ठेवायची, या पद्धतीने ६० ते ६५ टेस्ला नेहमीच्या वापरात मिळतात. लॉस अलामॉस येथे २०१२ मध्ये याच पद्धतीने १०० टेस्लाची पायरी ओलांडली गेली. त्याहून वर जायचे तर गुंडाळीचा नाश गृहीत धरावा लागतो. एकाच वेढ्याच्या तांब्याच्या गुंडाळीतून दशलक्षांच्या घरातला अँपिअर प्रवाह काही मायक्रोसेकंद वाहतो, गुंडाळी बाहेरच्या दिशेने फुटते, आतला नमुना बहुधा वाचतो. टोकियो विद्यापीठाच्या काशिवा येथील प्रयोगशाळेत चुंबकीय प्रवाह आकुंचित करण्याच्या पद्धतीने २०१८ मध्ये १,२०० टेस्लाही गाठले गेले, पण ती मजल या प्रकरणाला लागत नाही.

अडचण

गटाने १.४ केल्विनच्या द्रव हेलियममध्ये नमुना ठेवून ६० टेस्लाची पल्स, म्हणजे क्षणिक क्षेत्राचा झटका, दिली. सुमारे ८ मिलिसेकंदांत क्षेत्र शिखराला पोहोचत होते आणि त्याहून सावकाश उतरत होते. ३९ टेस्लाजवळ चुंबकनाचा चढ एकदम मंदावला आणि वक्र जवळजवळ सपाट झाला. स्थिर क्षेत्रातील मोजमापाशी जुळवून घेतलेल्या मापनपट्टीवर ही उंची तांब्याच्या प्रत्येक अणूमागे ०.३५ बोर मॅग्नेटॉनच्या (अणूच्या चुंबकत्वाचे एकक) आसपास होती, म्हणजे अपेक्षेप्रमाणे एक-तृतीयांश. वरवर पाहता काम संपले होते.

तीन गोष्टी खटकत होत्या. पहिली, क्षेत्र चढताना आणि उतरताना मिळालेले वक्र एकमेकांवर बसत नव्हते: चढताना पठाराची कड बोथट होती, उतरताना ती तीक्ष्ण होती आणि थोड्या खालच्या क्षेत्राला होती. दुसरी, क्षेत्र उतरतानाच्या वक्राच्या तीव्रतेत, म्हणजे क्षेत्रागणिक चुंबकन किती बदलते त्यात, २१ टेस्लाजवळ एक लहानसा उंचवटा दिसत होता, जो चढत्या वक्रात अजिबात नव्हता. तिसरी सर्वांत उघड होती. पठाराचा शेवट ६१ टेस्लाला अपेक्षित होता आणि पल्स ६० टेस्लाला संपत होती. ज्या सपाट भागाचा शेवट पाहिलेला नाही त्याला पठार म्हणायचे की नुसता मंदावलेला चढ, हा प्रश्न खुला राहत होता.

गटात यावर दोन मते पडली. ज्येष्ठ संशोधकांपैकी एकांना चढ-उतारातील फरक हा प्रथम श्रेणीच्या संक्रमणाचा, म्हणजे अवस्था उडी घेऊन बदलते आणि परतताना वेगळ्या क्षेत्राला उलटते अशा बदलाचा, पुरावा वाटत होता. तसे असेल तर तो स्वतःच एक महत्त्वाचा निकाल ठरला असता, कारण त्रिकोणी जालाच्या साध्या प्रतिमानात पठाराच्या कडेला असे संक्रमण अपेक्षित नाही. मग स्फटिकाची जाळी स्वतःही हलते आहे, असे म्हणावे लागले असते. क्रोमियमच्या स्पिनेल संयुगांमध्ये अर्ध्या चुंबकनाचे पठार जाळीच्या ताणामुळेच बळकट होते, हे ठाऊक असल्याने ही कल्पना अवास्तव नव्हती. पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीचे म्हणणे वेगळे होते. मिलिसेकंदांच्या पल्समध्ये नमुन्याचे तापमान १.४ केल्विनच राहते, हे कोणीही मोजलेले नाही, याकडे तिने लक्ष वेधले.

तिच्या शंकेमागचे भौतिकशास्त्र सरळ आहे. क्षेत्र वेगाने बदलते तेव्हा नमुन्याला भोवतालच्या हेलियमशी उष्णतेची देवाणघेवाण करायला पुरेसा वेळ मिळत नाही, म्हणून त्याची एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचे माप) जवळपास तीच राहते आणि तापमान बदलते. कुंठित चुंबकांमध्ये सारख्या ऊर्जेच्या रचना विपुल असल्यामुळे हा परिणाम साध्या चुंबकांपेक्षा मोठा असतो. पठाराच्या कडेजवळ येताना कमी ऊर्जेच्या हालचाली वाढतात, म्हणून नमुना थंड होतो. पठारात शिरल्यावर ऊर्जेची फट उघडते, म्हणजे कोणत्याही हालचालीला किमान ठरावीक ऊर्जा लागू लागते, त्या हालचाली गोठतात आणि तीच एन्ट्रॉपी सांभाळण्यासाठी नमुन्याला तापावे लागते. तापलेला नमुना पठारावर असताना थोडी उष्णता हेलियमला देऊन टाकतो. मग क्षेत्र उतरताना तो पठाराबाहेर पडतो तेव्हा चढतानापेक्षा अधिक थंड असतो. चढताना बोथट आणि उतरताना तीक्ष्ण कड दिसण्याचे हे तितकेच चांगले स्पष्टीकरण होते, आणि त्याला प्रथम श्रेणीच्या संक्रमणाची गरज नव्हती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता आहे तो निकाल छापून टाकण्याचा, चढ-उतारातील फरकाचा उल्लेख करून आणि त्याचा अर्थ मोकळा सोडून. याच्या बाजूने वेळ हा मोठा मुद्दा होता: याच संयुगावर आणखी कोणीतरी काम करत असण्याची शक्यता होती आणि विद्यार्थिनीच्या प्रबंधाची मुदत जवळ येत होती. हा पर्याय क्षुल्लक समजू नये. अशा अपूर्ण पण प्रामाणिक निकालांवरच संशोधन पुढे सरकते, आणि स्ट्रॉन्शियम कॉपर बोरेटच्या पठारांची कहाणी याची साक्ष आहे. १९९९ मध्ये त्याची पहिली पठारे दिसली. त्यानंतर एक-तृतीयांशाचे आले. आणि अर्ध्याचे पठार १०० टेस्लापलीकडे मोजमाप गेल्यावर, २०१३ मध्ये, पक्के झाले. पहिल्यांदा मोजणारे शेवटापर्यंत थांबले असते तर नंतरच्यांना दिशाच मिळाली नसती.

दुसरा पर्याय थेट एकवेढी गुंडाळीकडे जाण्याचा होता. तेथे १३० टेस्लाच्या पुढे जाता येते, पठाराचा शेवट आणि संपृक्ती एकाच वक्रात दिसतात, आणि एक-तृतीयांश हे प्रमाण बाहेरच्या मापनपट्टीवर न विसंबता त्याच वक्रातून काढता येते. गटप्रमुखांचा कल याच बाजूला होता. अडचण अशी की मायक्रोसेकंदांत उष्णतेची देवाणघेवाण जवळजवळ शून्य असते. म्हणजे ज्या तापमानाबद्दल शंका होती ते तेथे अधिकच अनिश्चित होणार होते. शिवाय अशा सुविधेत दिवसाला मोजकेच स्फोट करता येतात आणि त्यासाठीचा प्रस्ताव मंजूर व्हायला महिने लागतात.

तिसरा पर्याय गुंडाळी शाबूत ठेवून ९० टेस्लाच्या वर जाणाऱ्या चुंबकाचा होता. पठाराचा शेवट त्यात नक्की दिसला असता, संपृक्ती दिसली नसती. अशी चुंबके जगात मोजकी आहेत आणि त्यांच्यावरील मागणी फार आहे, त्यामुळे हा पर्याय लवकरच मागे पडला. स्थिर क्षेत्राचा विचारही झाला, पण ४५ टेस्लाच्या चुंबकात पठाराची फक्त पहिली कड दिसते.

चौथा पर्याय विद्यार्थिनीने मांडला: अधिक तीव्र क्षेत्राच्या मागे लागण्याआधी आहे त्याच चुंबकात नमुन्याचे तापमान मोजावे. त्याच्या आधी तिने आणखी स्वस्त चाचणी सुचवली. पल्सचे शिखर ६० ऐवजी ३८ टेस्लाला ठेवायचे, म्हणजे नमुना पठारात शिरणारच नाही. चढ-उताराचा फरक पठारावर उष्णता गमावल्यामुळे येत असेल, तर या पल्समध्ये तो नाहीसा व्हायला हवा.

पहिला निर्णय: स्वस्त चाचणी आधी

गटाने ती चाचणी मान्य केली, आणि माझ्या मते हा या प्रकरणातील सर्वांत मोलाचा निर्णय होता, जरी त्या वेळी तो किरकोळ वाटला. त्यासाठी नवीन उपकरण लागत नव्हते. कपॅसिटरचा व्होल्टेज कमी करून, गुंडाळी पुन्हा द्रव नायट्रोजनच्या तापमानाला येईपर्यंत प्रत्येक पल्सनंतर सुमारे तासभर थांबायचे होते, इतकेच. ३८ टेस्लाच्या पल्समध्ये चढता आणि उतरता वक्र एकमेकांवर नीट बसले. मग शिखर ४५, ५२ आणि ६० टेस्ला असे वाढवत नेले, तेव्हा नमुना पठारावर जितका जास्त वेळ राहिला तितका फरक वाढत गेला. जाडीने निम्म्या असलेल्या स्फटिकात, ज्यातून उष्णता लवकर बाहेर पडते, फरकाचा आकारच बदलला.

यावरून फरकाचे मूळ बहुतांशी औष्णिक आहे, हे जवळपास निश्चित झाले. पण येथेच एक घाईचा निष्कर्ष काढला गेला, त्याची नोंद घेणे आवश्यक आहे. ३८ टेस्लाच्या पल्समध्ये २१ टेस्लाचा उंचवटाही नाहीसा झाला होता. चढ-उताराचा फरक खोटा, उंचवटा त्याच्याबरोबर येतो आणि जातो, म्हणून उंचवटाही खोटा, असे बैठकीत ठरून गेले आणि पुढील काही आठवडे कोणी त्याचा विषय काढला नाही. हा तर्क अपुरा होता. उंचवटा फक्त उतरताना दिसतो याचा दुसरा अर्थ असा होऊ शकत होता की तो फक्त थंड नमुन्यात दिसतो, आणि नमुना पुरेसा थंड होतो तो केवळ पठारावरून परत येताना.

दुसरा निर्णय: नमुन्यावरच तापमापक

तापमान मोजायचे तर तापमापक नमुन्याइतक्याच वेगाने प्रतिसाद देणारा हवा. नेहमीचा तापमापक स्वतःच इतका जड असतो की मिलिसेकंदांत तो मागे पडतो. म्हणून स्फटिकाच्या पॉलिश केलेल्या पृष्ठावर सोने व जर्मेनियमच्या मिश्रणाची अतिशय पातळ फिल्म निर्वातात बसवली आणि तिच्या रोधावरून तापमान वाचायचे ठरवले. ही पद्धत पल्स क्षेत्रांतील मोजमापांसाठी आधीपासून वापरात आहे. स्फटिक विद्युतरोधक असल्यामुळे फिल्म थेट त्याच्यावर बसवता आली, मध्ये गोंदाचा थर ठेवावा लागला नाही.

कष्ट पडले ते तारांच्या बाबतीत. फिल्मला चार बारीक तारा जोडायच्या, आणि त्या तारांमध्ये क्षेत्राला सामोरे जाणारा जेवढा म्हणून मोकळा वेढा राहील तेवढ्यात क्षेत्राच्या बदलामुळे व्होल्टेज निर्माण होणार. काही वर्ग मिलिमीटरांचा वेढासुद्धा खऱ्या संकेताला झाकून टाकायला पुरतो. तारा एकमेकींना पिळून, शेवटचा भाग स्फटिकाच्या पृष्ठाला चिकटवून आणि मोजणीचा प्रवाह उच्च वारंवारतेचा ठेवून हा उपद्रव आटोक्यात आणला गेला. फिल्मचा रोध क्षेत्रामुळेही बदलतो, म्हणून स्थिर तापमानाला वेगळ्या पल्स देऊन ती दुरुस्तीही मोजावी लागली. हे काम दिसायला सामान्य आहे आणि शोधनिबंधात त्याला एक परिच्छेद मिळतो, पण निकालाचा विश्वास त्याच्यावरच उभा असतो.

मोजमापाने अंदाज खरा ठरवला. हेलियम काढून टाकून, म्हणजे बाहेरची देवाणघेवाण बंद करून, ४.२ केल्विनपासून सुरुवात केली तेव्हा नमुना ३९ टेस्लाजवळ सुमारे ३ केल्विनपर्यंत थंड झाला आणि पठारात शिरताच ६ केल्विनच्या वर गेला. उतरताना तो त्याच वाटेने परतला. हेलियममध्ये ठेवल्यावर वाटा वेगळ्या झाल्या: उतरताना पठाराच्या कडेवर नमुना १ केल्विनच्याही खाली गेलेला होता. प्रयोगाच्या नोंदवहीत मात्र सर्वत्र तापमान म्हणून १.४ केल्विन लिहिलेले होते.

हा आलेख पाहताना विद्यार्थिनीला २१ टेस्लाचा उंचवटा पुन्हा आठवला. उतरताना त्या क्षेत्राला नमुना ०.९ केल्विनच्या जवळ होता. चढताना तो कधीच इतका थंड नव्हता. आधीचा निष्कर्ष तपासून पाहायला मिलिसेकंदांच्या पल्सची गरजच नव्हती, कारण २१ टेस्ला स्थिर क्षेत्राच्या आवाक्यात आहे. हेलियम-३ वर चालणाऱ्या शीतकात ०.५ केल्विनला, ३० टेस्लापर्यंत जाणाऱ्या स्थिर चुंबकात मोजमाप घेतले तेव्हा उंचवटा चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा, त्याच जागी स्पष्ट दिसला. १ केल्विनच्या वर गेल्यावर तो विरून गेला. पठाराच्या खाली एक वेगळी चुंबकीय अवस्था होती आणि पल्समधील औष्णिक अपघाताने ती गटाच्या हाती आणून दिली होती.

तिसरा निर्णय: १०० टेस्लाच्या पलीकडे

तापमानाचे वर्तन कळल्यानंतर एकवेढी गुंडाळीचा प्रस्ताव पाठवला गेला, आणि आता तो आधीपेक्षा वेगळ्या पायावर उभा होता. मायक्रोसेकंदांत नमुना हेलियमशी काही देवाणघेवाण करत नाही, ही आधी उणीव वाटत होती. आता ती सोय ठरली. एन्ट्रॉपी स्थिर राहते हे निश्चित धरता येत असेल तर सैद्धांतिक गणितही स्थिर तापमानाऐवजी स्थिर एन्ट्रॉपीला करता येते, आणि दोन्हींची तुलना थेट होते. गणित करणाऱ्या सहकाऱ्याने लहान जालांवरील अचूक गणनेतून तसे वक्र प्रयोगाच्या आधीच काढून ठेवले. प्रयोगाआधी काढले, ही गोष्ट महत्त्वाची, कारण मग सोयीचे तापमान नंतर निवडण्याचा मोह उरला नाही.

प्रत्यक्ष मोजमापाची अडचण किती मोठी होती हे एका आकड्यावरून कळेल. पठारावर असताना नमुन्याच्या स्वतःच्या चुंबकनाने पडणारी भर टेस्लाच्या दोन-तीन शतांशांइतकी होती, आणि ती १०० टेस्लाच्या पार्श्वभूमीवर, काही कोटी टेस्ला प्रतिसेकंद या वेगाने बदलणाऱ्या क्षेत्रात ओळखायची होती. यासाठी एकमेकींच्या उलट गुंडाळलेल्या दोन सूक्ष्म गुंडाळ्या वापरतात; बाहेरचे क्षेत्र दोन्हींत सारखा आणि विरुद्ध व्होल्टेज निर्माण करते आणि तो कटून जातो, नमुना फक्त एकीत असल्यामुळे त्याचा वाटा उरतो. हे कटणे दहा हजारांत एका भागाइतके नेमके असावे लागते. शिवाय १ मिलिमीटर व्यासाच्या गुंडाळीच्या एकेका वेढ्यात काही दशक व्होल्ट निर्माण होत असल्याने, थोडे वेढे वाढवले तरी तारेचे रोधक आवरण फुटण्याची भीती असते. गटाने वेढे कमी ठेवले, आणि प्रत्येक मोजमाप दोन स्फोटांत केले: एकदा नमुना पहिल्या गुंडाळीत, एकदा दुसऱ्या. दोन्हींची वजाबाकी केल्यावर न कटलेली पार्श्वभूमी गळून जाते आणि नमुन्याचा संकेत दुप्पट होतो.

येथे आणखी एक छोटा निर्णय घ्यावा लागला. एकवेढी गुंडाळीसाठी लहान नमुना लागतो, म्हणून स्फटिक भरडून भुकटी वापरणे सोपे होते. पण या संयुगाचा जी-गुणक दिशेनुसार सुमारे ८ टक्क्यांनी बदलत होता. भुकटीत सर्व दिशा मिसळतात, म्हणून ३९ टेस्लाची कड तेवढ्यानेच सुमारे ३ टेस्लांत पसरली असती. व्होल्बोर्थाइट या तांब्याच्या खनिजाचा अनुभवही गटासमोर होता: भुकटीच्या मोजमापांत पठार एक-तृतीयांशाहून वर असल्यासारखे दिसले होते, आणि २०१५ मध्ये एकस्फटिक मोजले गेल्यावर २८ टेस्लापासून पुढे एक-तृतीयांशाचे रुंद पठार स्पष्ट झाले. गटाने लहान स्फटिक एकाच दिशेने रचून वापरले. त्यासाठी अधिक दिवस गेले, पण दिलेल्या मोजक्या स्फोटांतून अर्थ काढता आला तो या सावधगिरीमुळेच.

निष्पत्ती

सुरुवातीचे तापमान ५ केल्विन आणि शिखर १४० टेस्ला ठेवून मिळालेल्या वक्रात पठाराचा शेवट ६२ टेस्लाजवळ आणि संपृक्ती १२५ ते १३० टेस्लाच्या दरम्यान दिसली. स्विचच्या विद्युत गोंगाटामुळे पल्सचा सुरुवातीचा भाग वापरता आला नाही, म्हणून विश्लेषण मुख्यतः उतरत्या भागावर झाले. पठाराची उंची आणि संपृक्त मूल्य यांचे गुणोत्तर त्याच वक्रातून एक-तृतीयांश आले, मोजमापाच्या त्रुटीच्या आत. कडा बोथट होत्या, पण स्थिर एन्ट्रॉपीला काढलेल्या गणितातही त्या तितक्याच बोथट होत्या.

प्रथम श्रेणीच्या संक्रमणाचा दावा सोडून द्यावा लागला. ज्या ज्येष्ठ संशोधकांनी तो मांडला होता त्यांनीच शोधनिबंधात आकृतीची एक नवी पद्धत सुचवली: चुंबकनाच्या प्रत्येक वक्राशेजारी त्या मोजमापात नमुन्याने क्षेत्र आणि तापमान यांच्या प्रतलावर घेतलेली वाट दाखवायची. वाचकाला त्यामुळे कोणता बिंदू कोणत्या तापमानाचा हे स्वतः पाहता येते. माझ्या मते पल्स क्षेत्रातील कुंठित चुंबकांवरील प्रत्येक निबंधात अशी आकृती असायला हवी.

संपृक्तीच्या अगदी खाली वक्राला किंचित बाक दिसत होता. त्या भागात जोडीने वागणाऱ्या स्पिनांची एखादी वेगळी अवस्था असू शकते, असे म्हणण्याचा मोह होता. पण त्या जागी नमुन्याचे तापमान गणितातूनच काढलेले होते, मोजलेले नव्हते, म्हणून गटाने त्यावर कोणतेही विधान केले नाही.

वेगळे काय करता आले असते

३८ टेस्लाची चाचणी पहिल्याच मोजमापाच्या आठवड्यात करता आली असती. शिखर बदलून पाहणे हे पल्स क्षेत्रात नित्याचे असायला हवे. येथे ते मतभेद झाल्यावर सुचले. त्या वेळी चुंबकाचा वेळ हाताशी होता, नंतर तो पुन्हा मागावा लागला.

उंचवट्याबाबतचा निर्णय वेगळ्या रीतीने घ्यायला हवा होता. एखादे लक्षण औष्णिक फरकाबरोबर येते आणि जाते, यावरून ते तापमानावर अवलंबून आहे एवढेच सिद्ध होते, आणि चुंबकीय अवस्थांची संक्रमणेही तापमानावरच अवलंबून असतात. बैठकीत कोणी "हा उंचवटा खरा असेल तर तो कोणत्या तापमानाला दिसेल?" असे विचारले असते, तर स्थिर क्षेत्रातील मोजमाप कित्येक आठवडे आधी झाले असते.

तापमापक मोजमाप आणि एकवेढी गुंडाळी यांच्या क्रमाबद्दल आजही दोन मते असू शकतात. गटप्रमुखांचे म्हणणे असे की प्रस्ताव मंजूर व्हायला वेळ लागतोच, म्हणून तो आधी पाठवून मधल्या काळात तापमान मोजता आले असते. हे खरे आहे. पण प्रस्तावात एकस्फटिकांची मागणी आणि स्थिर एन्ट्रॉपीचे गणित आले ते तापमानाचे वर्तन कळल्यामुळे. आधीच्या मसुद्यात भुकटीच लिहिलेली होती.

जाळीच्या हालचालीचा प्रश्नही पूर्णपणे मिटलेला नाही. फरकाचा बहुतांश भाग औष्णिक ठरला, तरी पठारात शिरताना स्फटिकाची लांबी बदलते का, हे पल्समध्ये ऑप्टिकल फायबर चिकटवून मोजता येते, आणि ते मोजमाप अजून झालेले नाही. २१ टेस्लाजवळच्या अवस्थेची रचना काय आहे हेही चुंबकनावरून कळणार नाही, कारण चुंबकन फक्त सरासरी सांगते. स्ट्रॉन्शियम कॉपर बोरेटच्या एक-अष्टमांश पठारातील स्पिनांची मांडणी उलगडली ती ग्रेनोबल येथे २७ टेस्लाहून अधिक स्थिर क्षेत्रात आणि ३५ मिलिकेल्विनला केलेल्या अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनादाच्या मोजमापातून. प्रस्तुत संयुगाची नवी अवस्थाही स्थिर क्षेत्राच्या टप्प्यात असल्याने तोच मार्ग येथे खुला आहे. त्यासाठी लागणारे मोठे स्फटिक वाढवण्याचे काम गटाने सुरू केले आहे.